तक्ता

करकेरा सरांनी तक्ता दिलाय. रकाने पट्टीनं पाडलेले:
उंची, झेप, डावा पाय, पेनल्टी कॉर्नर, आवाज.
तीन नावं, आणि नावांपुढे
दहापैकी मार्क भरायचे मी,
कारण बँकेच्या संघात पुढच्या मोसमाला
गोलकीपरची जागा एकच आहे
आणि ती माझी आहे.
उठणाऱ्यानंच सांगावं म्हणे, खुर्चीवर कोण बसेल.
गोलात खुर्ची नसते, पण ते सोडा.

चर्चगेटच्या टर्फवर साडेसहाला पाणी मारतात.
निळ्यावर पाणी, समुद्राकडून खारा वास,
आणि आमच्या पॅडमधला तो दुसरा,
जो कुठल्याच साबणाला दाद देत नाही.

ओनिल तुस्कानो, वसईचा. सहा फूट एक.
तो उभा राहिला की गोल आखूड होतो.
उंची नऊ, झेप आठ.
खाली यायला मात्र वेळ लावतो,
माडावरून उतरणाऱ्यासारखा,
पाय कुठे ठेवायचा ते बघून बघून.
चेंडू तोवर फळीवर वाजलेला असतो.

मुदस्सर परकार, डोंगरीचा. सतरा पुरी नाहीत.
ड्रॅगफ्लिकच्या तोंडावर धावत जातो,
गल्लीतलं भांडण सोडवायला गेल्यासारखा.
कॉर्नर नऊ. आवाज दहा,
अकरा देता येत नाहीत म्हणून.
पण गोल झाला की आधी बॅकला शिव्या घालतो,
मग दहा मिनिटं स्वतःला,
आणि त्या दहा मिनिटांत
दुसरा होतो.

सेल्वम. आडनाव विचारलं तर म्हणाला, एवढंच.
धारावी. पाच फूट सहा, केस धरून.
उंची पाच.
डावा पाय असा, की उजव्याला लाज वाटावी. नऊ.
आवाज? पोरगं ओरडतच नाही.
बॅकच्या खांद्याकडे बघून काहीतरी पुटपुटतं
आणि बॅक सरकतो. कसा, ते मला कळलेलं नाही.
कळलं नाही म्हणून तीन दिले.

बेरीज केली. मुदस्सर पुढे, मग ओनिल,
सेल्वम बराच खाली.
बेरीज बरोबर आहे, दोनदा केली.

सोळा वर्षांपूर्वी असाच एक कागद होता,
त्यावर मी आणि फिडेलिस.
त्याला एक मार्क कमी पडला, उंचीत.
आता तो गोराईला बोटीची तिकिटं फाडतो.
भेटला की हसतो, पण आधी
माझ्या बुटांकडे बघतो.
मोजणीच्या दिवशी मी बुटात पुठ्ठा घातला होता.
हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

संघात धड हेल्मेट एकच. तिघं पाळीपाळीनं घालतात.
पट्ट्याला सहा भोकं:
ओनिलला पहिलं, मुदस्सरला तिसरं,
सेल्वमला शेवटचं, तरी सैल.
काल बाकावर गुडघ्याला बर्फ लावून बसलो होतो.
सेल्वमची पाळी संपली.
त्यानं हेल्मेट काढलं, आतून बाहीनं पुसलं,
आणि बक्कल शेवटच्या भोकातून सोडवून
पहिल्यात अडकवलं.
पुढे ओनिल होता.
मग देऊन टाकलं, त्याच्याकडे न बघता.
ओनिलनं घातलं, बसलं,
का बसलं याचा त्याला पत्ताही नाही.

सर म्हणतील, असल्यानं गोल अडत नाहीत.
नाहीत अडत.
मी सोळा वर्षं अडवलेत, मला विचारा.
पुठ्ठ्यानंही अडले नव्हते.

पेन रकान्यांबाहेर, समासात येऊन थांबलंय.
शाईचा ठिपका मोठा होतोय.
तिकडे पुन्हा पाणी मारून झालं,
कुणीतरी ओरडतंय, चला, शूट घ्या,
आणि गोलात जो वाकून बसलाय
तो कोण, ते उन्हानं, त्या हेल्मेटनं,
इथून ओळखू येत नाही.